देशी गुलाब कोणता?

१९१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने एक ठराव पास केला. 'चेरोकी रोझ' नावाचा पांढरा रानगुलाब हे राज्याचं अधिकृत फूल. तिथल्या महिला मंडळांच्या महासंघाने त्याचा बराच पाठपुरावा केला होता. ठरावात कारणही नोंदवलंय : हा गुलाब राज्याच्या उत्तर भागातल्या आदिवासींपासून आलेला, अस्सल इथल्या मातीतला, आणि सगळ्या काउंट्यांमध्ये सारख्याच जोमाने वाढणारा.

वाढतो जोमाने, त्याबद्दल वाद नाही. पण हा गुलाब चीनचा आहे. दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम हा त्याचा मूळ मुलूख. चिनी वैद्य त्याची फळं कित्येक शतकं औषधात वापरत आलेत.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या ठरावाचं काय घेऊन बसलास? सांगतो. मी राहतो ओहायोत. घराजवळच्या काउंटी पार्कमध्ये मी वीकांताला तण काढायला जातो (आठवडाभर बग काढायचे आणि शनिवारी तण, थोडक्यात नोकरी तीच). तिथे आमच्यासमोर दर वेळी एकच प्रश्न असतो : हे जे समोर काटेरी गुलाबाचं झुडूप आहे, ते कापायचं की ठेवायचं? देशी असेल तर ठेवायचं, उपरं असेल तर मुळासकट काढायचं. ऐकायला एकदम सोपं. पण या देशात देशी गुलाब कोणता हे ठरवताना शास्त्रज्ञ, विधिमंडळ आणि कृषी खातं असे तिघंही वेगवेगळ्या वेळी घसरलेले आहेत, आणि त्याची किंमत अजून झुडपं मोजतायत. म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात आंद्रे मिशो या फ्रेंच माणसापासून करावी लागते. १७८५ साली सोळाव्या लुईने त्याला अमेरिकेत पाठवलं, ते फ्रान्सच्या आरमाराला उपयोगी पडतील अशी झाडं शोधायला. मिशोने एक रोपवाटिका न्यू जर्सीत काढली आणि दुसरी दक्षिणेत चार्ल्स्टनजवळ (आज त्या जागेच्या शेजारी विमानतळ आहे). मग घोड्यावर, होडीतून, पायी असा तो अकराएक वर्षं रान तुडवत फिरला. मधल्या काळात राज्यक्रांती होऊन राजाचं डोकं उडालं आणि मिशोचा पगारही बंद पडला. तरी गडी फिरतच राहिला. १८०२ साली मादागास्करमध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याचं उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरचं दोन खंडांचं लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झालं.

त्या पुस्तकात दोन गुलाबांना पहिल्यांदा शास्त्रीय नावं मिळाली. एक रोझा सेटिजेरा आणि दुसरा रोझा लेव्हिगाटा. दोन्हींपुढे आजही मिशोचं नाव संक्षिप्त रूपात लावतात. आपण गिट ब्लेम मारल्यावर ज्याने ती ओळ लिहिली त्याचं नाव दिसतं ना, तसंच. पैकी सेटिजेरा खराखुरा अमेरिकन. लेव्हिगाटा म्हणजेच तो चिनी चेरोकी रोझ. मिशोला तो जॉर्जियाच्या रानात वाढलेला दिसला, आणि त्याने अमेरिकेच्या पुस्तकात त्याची नोंद केली. त्यात त्याचा फार दोष काढता येणार नाही. कुंपणापलीकडे पसरलेलं, पक्ष्यांनी बिया टाकून वाढवलेलं झुडूप 'मी बाहेरून आलोय' अशी पाटी गळ्यात घालून उभं नसतं. पण नियमानुसार पहिलं वैध नाव तेच टिकतं. त्यामुळे चीनच्या या गुलाबाचं शास्त्रीय नाव अमेरिकेच्या वनस्पतींच्या पुस्तकातून आलेलं आहे, आणि चीनमधले शास्त्रज्ञही तेच वापरतात.

शंका घेणारा माणूस लवकरच आला. स्टीफन एलियट हा साउथ कॅरोलिनाचा बँकर आणि हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ. (बँकेत नोकरी आणि वीकांताला झाडं! असा माणूस मला आपोआपच जवळचा वाटतो. :) ) एलियटने साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १८१६ पासून हप्त्याहप्त्याने निघाला. त्यात त्याने स्वच्छ लिहून ठेवलं की चेरोकी रोझ या नावाने हे झाड जॉर्जियाच्या बागांमधून चाळीसेक वर्षं लावलं जातंय, आणि त्याचं मूळ कुठलं ते अजून स्पष्ट नाही. म्हणजे ठरावाच्या जवळपास शंभर वर्षं आधी जॉर्जियाच्या शेजारीच बसलेल्या माणसाने 'हे बागेतलं झाड आहे, जरा जपून' असा इशारा दिलेला होता. पण नाव पडलं होतं चेरोकी, आणि एकदा नाव पडलं की ते कोण तपासतो.

आता त्या नावाबद्दल. उत्तर जॉर्जियात चेरोकी लोकांची वस्ती होती, स्वतःची लिपी, वर्तमानपत्र आणि राज्यघटना होती. १८२०च्या दशकाच्या शेवटी तिथे सोनं सापडलं. १८३० साली आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. १८३२ साली जॉर्जिया सरकारने चेरोकींच्या जमिनी गोऱ्या नागरिकांना चक्क लॉटरी काढून वाटल्या. १८३८ मध्ये सैन्याने माणसांना घरातून काढून छावण्यांत कोंडलं आणि तिथून पश्चिमेकडे चालवत नेलं. हजारो माणसं वाटेत आणि छावण्यांत मेली. ४,००० हा आकडा नेहमी सांगितला जातो. यालाच 'अश्रूंची वाट' म्हणतात.

आणि मग ७८ वर्षांनी त्याच राज्याचं विधिमंडळ म्हणतं, आमचा हा गुलाब अस्सल इथला, आमच्या आदिवासींपासून आलेला! ज्यांना हाकललं त्यांचं नाव फुलाला, आणि ते फूलही बाहेरचं. मला तो ठराव वाचताना हसू येत नाही.

या फुलाची एक दंतकथा इथे फार लोकप्रिय आहे. चेरोकी आया रडत चालल्या होत्या, जिथे त्यांचे अश्रू पडले तिथे हा गुलाब उगवला. पांढऱ्या पाकळ्या म्हणजे अश्रू, मधलं पिवळं म्हणजे हिरावून घेतलेलं सोनं, आणि प्रत्येक देठावरची सात पानं म्हणजे चेरोकींची सात कुळं. कुळं खरंच सात आहेत. पण लेव्हिगाटाच्या देठावर पानं किती असतात? तीन. क्वचित पाच. दंतकथेला कुणी बॉटनीचा पेपर तपासायला बसत नाही हे मान्य. पण सात पानं सांगणाऱ्या माणसाने समोरच्या झुडपाची पानं मोजली नव्हती एवढं नक्की. शिवाय या गुलाबाला कडाक्याची थंडी सोसत नाही, आणि ती वाट भर हिवाळ्यात दक्षिण इलिनॉय आणि मिसुरीतून गेली. त्या भागातल्या रानाच्या कडेला जो मूळचा वेलासारखा गुलाब आहे तो म्हणजे मिशोचा दुसरा, सेटिजेरा. त्याच्या वाट्याला दंतकथा नाही.

या सेटिजेराला इंग्रजीत प्रेअरी रोझ किंवा क्लाइंबिंग रोझ म्हणतात. कॅनडाच्या ऑन्टारियोच्या दक्षिण टोकापासून टेक्सासपर्यंत त्याचा पसारा. अमेरिकेतल्या देशी गुलाबांमध्ये वेलासारखा चढणारा हा एकटाच. लांबच लांब कमानदार फांद्या, आधार मिळाला तर तीन-चार मीटर चढतो. फूल गडद गुलाबी उमलतं आणि दोन-तीन दिवसांत फिकट होत पांढरट होतं. त्यामुळे एकाच घोसात तीन-चार छटा दिसतात. वास जवळजवळ नाहीच.

एकेकाळी याचंही कौतुक झालं होतं. बाल्टिमोरमधल्या सॅम्युएल फीस्ट या माळ्याने सेटिजेराच्या बियांपासून बागेतले चढते गुलाब तयार केले. 'बाल्टिमोर बेल' आणि 'क्वीन ऑफ द प्रेअरीज' हे दोन १८४३ साली बाजारात आले आणि खूप चालले. ओहायो, इलिनॉयच्या थंडीत तग धरणारा चढता गुलाब मिळाल्यावर अजून काय पाहिजे? पुढे १८९०च्या दशकात 'क्रिमझन रॅम्बलर' आला आणि लोक त्याच्या मागे लागले. तो जपानी रोझा मल्टिफ्लोराच्या घराण्यातला. (टोकियोत इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या स्मिथ नावाच्या प्रोफेसरांनी १८७८ साली तो ब्रिटनला धाडला, आणि सुरुवातीला त्याचं नाव 'द इंजिनिअर' असं होतं. आपल्या जमातीच्या नावाचा गुलाब होता म्हणजे बघा, आणि मार्केटिंगवाल्यांनी तो पण बदलला!)

इथून पुढची गोष्ट या मल्टिफ्लोराची. अमेरिकेत तो १८६६ मध्ये आला तो खुंट म्हणून. ज्यांच्या घरी कलमी गुलाब आहेत त्यांना खुंट काय ते सांगायला नको : रानटी, काटक गुलाबाचं रोप घ्यायचं आणि त्याच्या खोडावर हव्या त्या जातीचा डोळा भरायचा. मुळं रानट्याची, फुलं कलमाची. भारतातही काही ठिकाणी मल्टिफ्लोराच्याच खुंटावर डोळे भरतात. दोन वर्षांपूर्वी बाबा इकडे आले होते. पार्कातलं ते झुडूप बघून त्यांनी क्षणात सांगितलं, "अरे, हा तर आपला खालून फुटणारा रानफुटवा! याला कशाला एवढे लोक लागतात, दिसला की मोडायचा." बाबांचं ओळखणं बरोबरच होतं. फक्त कुंडीतला फुटवा आणि चाळीस एकरांतला फुटवा यात जरा फरक असतो.

तो चाळीस एकरांत गेला कसा? १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी राज्यांत दुष्काळ पडला आणि नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्याबरोबर उडायला लागली. भर दुपारी अंधार करणारी धुळीची वादळं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या वादळाला आजही 'काळा रविवार' म्हणतात. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट यांच्या हाताखाली नवीन खातं उभं राहिलं. माती धरून ठेवील, वारा अडवील, गुरं आवरील आणि पक्ष्यांना आसरा देईल असं झुडूप त्या खात्याला हवं होतं. मल्टिफ्लोरा या चारही कसोट्यांना उतरला. शिवाय स्वस्त, बिया रग्गड, कीड नाही, कुठेही वाढतो. जिवंत कुंपण म्हणून त्याची जाहिरात झाली : घोडा उडी मारू शकणार नाही, बैल ढकलू शकणार नाही आणि डुक्कर घुसू शकणार नाही असं कुंपण. ना खांब, ना तार.

सरकारी रोपवाटिकांनी रोपं अक्षरशः वाटली, कित्येक ठिकाणी फुकट. एकट्या वेस्ट व्हर्जिनियात १९४० ते १९६०च्या दशकांत १ कोटी ४० लाखांहून जास्त रोपं लागली. हायवेच्या दुभाजकावरही लावली, समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत आणि गाडी घसरलीच तर झुडपात अडकावी म्हणून. कल्पना म्हणून मला ती आजही हुशारीची वाटते. त्या अधिकाऱ्यांना मूर्ख म्हणण्यात काही अर्थ नाही. समोर माती उडत होती, उपाय तातडीने पाहिजे होता, आणि त्या वेळेच्या सगळ्या टेस्ट केस पास होत होत्या. फक्त एक टेस्ट कुणी लिहिली नव्हती : पक्षी हे फळ खाऊन पुढे जातील तेव्हा काय होईल?

झालं असं की एक मोठं झुडूप वर्षाला पाच लाखांपर्यंत बिया देतं. त्या बिया मातीत दहा-वीस वर्षं जिवंत राहतात. लालचुटूक बारीक फळं हिवाळाभर झाडावर टिकतात आणि रॉबिन, वॅक्सविंग, मॉकिंगबर्ड त्यांच्यावर तुटून पडतात. मॉकिंगबर्ड उत्तरेकडे पसरला त्यात या फळांचा वाटा आहे असं पक्षी-अभ्यासकांनी मांडलंय. पक्ष्यांना आसरा मिळावा हा हेतू होताच, तो जरा जास्तच सफल झाला. कुंपण शेतात शिरलं, कुरणं बंद पडली, गाईंचे डोळे काट्यांनी दुखावू लागले. ज्या मिसुरी, आयोवा, ओहायो, वेस्ट व्हर्जिनियात शेतकऱ्यांनी रोपं लावली, त्याच राज्यांनी पुढे त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरवलं. यात आयोवाची गंमत वेगळी. तिथे १८९७ पासून राज्याचं फूल 'रानगुलाब' आहे, पण विधिमंडळाने जात कोणती ते लिहिलंच नाही! युद्धनौकेला भेट द्यायच्या चांदीच्या भांड्यांवर रानगुलाबाची नक्षी होती, त्यावरून निवड झाली. म्हणजे काटेकोर वाचलं तर उपद्रवी तणही राज्याचं फूल म्हणून दावा सांगू शकेल.

(आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणून आली आणि डोंगर खाऊन बसली. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेल्या गाजर गवताला तर लोकांनी काँग्रेस गवत म्हणून राजकारणातही ओढलं. असो.)

मल्टिफ्लोराचा एक शत्रू मात्र इथलाच निघाला. १९४०च्या सुमारास पश्चिमेकडच्या रानगुलाबांवर एक रोग दिसला. फांदीचं टोक लाल होतं, झाडूसारखे फुटव्यांचे झुपके येतात, काटे बेसुमार वाढतात आणि दोन-चार वर्षांत झुडूप मरतं. रोझ रोझेट म्हणतात त्याला. वाऱ्यावर उडणारी, डोळ्यांना न दिसणारी एक कोळी-कीड तो पसरवते. विषाणू नक्की कोणता ते २०११ साली कळलं. हा रोग मल्टिफ्लोरावर मुद्दाम सोडावा असं १९८०च्या दशकात काही संशोधकांनी सुचवलं, आणि गुलाबप्रेमी खवळले. कारण बागेतला महागडा गुलाबही त्याच रोगाने मरतो. झालंही तसंच, रानात माजलेला मल्टिफ्लोरा हे त्या रोगाचं कोठार झालं आणि तिथून तो लोकांच्या बागांत उतरला. औषध अजून नाही. झाड उपटायचं, एवढंच.

आता मुद्द्याचं, म्हणजे ओळखायचं कसं. आपल्याकडचा 'पाच पानांची फांदी कलमी, सात पानांची रानटी' हा नियम इथे अजिबात चालत नाही, कारण इथल्या बऱ्याच देशी गुलाबांना सात पानं असतात. पाहायची जागा वेगळी आहे. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे देठाच्या दोन्ही बाजूंना हिरवे बारीक पंख असतात. त्यांना उपपर्ण म्हणतात. मल्टिफ्लोरात या पंखांच्या कडेला उपरण्याच्या दशांसारखी झालर असते. एकदा बघितली की विसरत नाही. इथल्या कुठल्याही देशी गुलाबाला अशी झालर नाही. सेटिजेराचे पंख अरुंद असतात आणि कडेला फार तर बारीक ग्रंथींचे ठिपके. बाकी काही बघायला वेळ नसेल तर हे एवढं बघा.

मग पानं मोजा (शास्त्रीय भाषेत या पर्णिका). सेटिजेराला तीन, कधी पाच, आणि त्या चांगल्या मोठ्या. मल्टिफ्लोराला बहुतेक सात, कधी नऊ, लहान. फुलं असतील तर मध्ये बघा. दोघांच्याही फुलात मधल्या परागवाहिन्या जुळून एक बारीक खांब झालेला असतो. देशी गुलाबांत असा खांब फक्त सेटिजेराला. आणि घोटाळा इथेच होतो. जून झालेलं सेटिजेराचं फूल पांढरट पडलेलं असतं, मध्ये खांब, लांब कमानदार फांद्या, घोसात फुलं... लांबून बघणारा म्हणतो मल्टिफ्लोरा, आणि कात्री चालवतो. फुलाचा आकार बघितला तर चूक होत नाही. सेटिजेराचं फूल पाच-सहा सेंटिमीटर, मल्टिफ्लोराचं त्याच्या निम्म्याहून लहान. काळही वेगळा. आमच्याकडे मल्टिफ्लोरा मेच्या शेवटी फुलायला लागतो, सेटिजेरा त्याच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात.

बाकीचे दोन देशी सोपे आहेत. रोझा कॅरोलिना गुडघाभर उंचीचा, कोरड्या माळावर, सुईसारखे सरळ काटे. रोझा पॅलस्ट्रिस पाणथळ जागी, माणसाएवढा, काटे वाकडे आणि पानांची दातेरी कड फार बारीक. सात पानं या दोघांवर बघायला मिळतील, दंतकथेवाल्यांनी इकडे यावं.

हे सगळं मी इतकं घोळवून का सांगतोय ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका कंपनीची टीम पार्कात समाजसेवेचा दिवस साजरा करायला आली. टीशर्ट, पिझ्झा, ग्रुप फोटो, सगळं साग्रसंगीत. उत्साहाने त्यांनी अर्धा एकर गुलाब साफ केला आणि खोडांच्या बुंध्यांना तणनाशक लावलं, पुन्हा फुटू नये म्हणून. मार्चमध्ये पानं नसतात. ज्यांच्यावर हे काम सोपवलं होतं त्यांनी काटे बघून झुडपं दाखवली. त्या अर्ध्या एकरात ओढ्याच्या वळणावर सेटिजेराची एक जुनी जाळी होती, मेलेल्या अ‍ॅशच्या झाडावर चढलेली. आदल्या जुलैत मी तिचे फोटो काढले होते. खालची जाड खोडं बघता ती माझ्या इथल्या वास्तव्यापेक्षा बरीच जुनी असावी. पुढच्या जुलैत तिथे काही फुटलं नाही. आणि मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्यांदा काय उगवलं असेल? मातीत बिया कुणाच्या पडून होत्या ते वर सांगितलंच आहे.

तेव्हापासून पार्कात नियम केलाय. जुलैत फुलं असताना देशी झुडपांना पिवळी रिबन बांधायची, जीपीएसवर नोंद करायची, आणि पानं नसताना कुठल्याही गुलाबाला हात लावायचा नाही. त्यामुळे कामाचा वेग निम्म्यावर आलाय. चालतं.

कुणाला लावायचा असेल तर (इकडच्या मित्रमंडळींसाठी) : पूर्ण ऊन, चिकणमाती चालते, पाणी तुंबणारी जागा नको. दोन-अडीच मीटर जागा सोडा, नाहीतर वर्षभर पायवाटेवर काट्यांशी भांडत बसाल. वाकलेल्या फांदीचं टोक जमिनीला टेकलं की तिथे मूळ धरतं, तेच कापून नवीन रोप करता येतं. बियांपासून करायचं तर पिकलेली फळं फोडून बिया ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये तीन महिने ठेवा. घरच्यांना आधी सांगून ठेवा. रोप विकत घेताना लेबलवर नुसतं 'वाइल्ड रोझ' असेल तर घेऊ नका, पूर्ण शास्त्रीय नाव मागा. आणि रानातून उपटून आणू नका.

अजून एक भानगड आहे. गुलाबाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात असं आपण शाळेत शिकलो. सेटिजेरातही दिसायला दोन्ही असतात. पण १९९० साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की यात नर झुडूप आणि मादी झुडूप वेगळं असतं. मादीच्या पुंकेसरात पराग असतात, मधमाश्या ते गोळाही करतात, पण त्यातून बीज धरत नाही. नराच्या फुलात मधला खांब असतो, पण फळ येत नाही. १८०३ ते १९९० म्हणजे १८७ वर्षं हा गुलाब नाव घेऊन पुस्तकात बसला होता, आणि त्याची ही गोष्ट उमगलेली नव्हती.

म्हणजे फळं हवी असतील तर एक झुडूप पुरत नाही. फांदीवरून केलेली रोपं आईच्याच लिंगाची होतात, तेव्हा सगळी रोपं एकाच झुडपाची घेतली तरी उपयोग नाही. आमच्या पार्कात सध्या रिबन बांधलेली चार झुडपं आहेत. तिघांना दर शरद ऋतूत फळं धरतात, चौथ्याला आजवर एकही धरलेलं नाही, त्यामुळे त्याच्याभोवती आता तारेची जाळी लावली आहे. गेल्या वर्षी बियांची अकरा रोपं ओढ्याच्या त्याच वळणावर लावली. पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील. त्यातले नर किती आणि माद्या किती, ते फळं धरली की मोजू.